बाळंतपण ठाण्यातच आहे आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो बापाला रजा नाही, घेतली तर बिनपगारी. काय करता येईल?

खारेगावकर

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा देणार.

मी कळव्याला खारेगावात राहतो. महापेला एका कंपनीच्या बॅक ऑफिसमध्ये बिलिंगचं काम करतो. बसतो कंपनीत, पण पगार कॉन्ट्रॅक्टर देतो. नियुक्तीपत्र, पगाराची स्लिप, पीएफ, ईएसआय (कामगार विमा) सगळं त्याच्याच नावाने. तिसरं वर्ष चालू आहे. ग्रॉस २०,४०० रुपये. बायकोला आठवा महिना लागलाय. डॉक्टरांनी दिलेली तारीख गणपतीच्या आदल्या आठवड्यातली. बाळ पायाळू आहे, अजून फिरलेलं नाही, म्हणून सिझर धरूनच चाला असं डॉक्टर म्हणाल्या, आणि आता कोकणापर्यंतचा प्रवास नको असंही.

पहिलं बाळंतपण माहेरी, देवरुखला करायचं ठरलं होतं. ते आता इथेच होणार. माझी आई नाही. सासूबाई यायला एका पायावर तयार आहेत, पण त्यांच्या घरी गौरी-गणपती, सासरे एकटे. विसर्जन झाल्याशिवाय त्यांना घर सोडता येत नाही, आणि सोडलं तरी परतीच्या गाड्यांना त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. म्हणजे सिझरनंतर जवळजवळ दोन आठवडे घरात बायको, बाळ आणि मी. शेजारच्या काकू बाळाला आंघोळ घालायला येते म्हणाल्यात, तेवढाच आधार.

कंपनीच्या कायम माणसांना पॅटर्निटी लीव्ह मिळते. माझ्या शेजारच्या खुर्चीतल्याने मार्चमध्ये घेतली, पूर्ण पगारी. काम आमचं दोघांचं एकच. मी तिथल्या मॅनेजरना विचारलं तर म्हणाले, तू आमच्या रोलवर नाहीस, तुझ्या कॉन्ट्रॅक्टरला विचार. कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, अशी रजाच नसते आमच्याकडे, जितके दिवस जाल तितके बिनपगारी. शिल्लक रजा विचारल्या, तर सहा. मागच्या वर्षीच्या? त्या मार्चअखेर लॅप्स. आणि वर विचारतो, "मिसेस माहेरी जातील ना, मग तुम्हाला रजा कशाला हवी?"

ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. ती माहेरी गेली असती तरी मला जायला नको का? बाळ फक्त तिचं आणि तिच्या आईचं आहे का?

मला एवढंच कळायला हवंय की कायद्याने बापाला काही हक्क आहे का, आणि नसेल तर पगार कमीत कमी कापला जाऊन दोन आठवडे घरी कसं राहता येईल. नर्सिंग होमचा खर्च समोर आहे, त्यात अर्धा पगार गेला तर घरभाडं कठीण होईल.

---

न्हावाशेवा

मी केंद्र सरकारी नोकरीत आहे. आम्हाला १५ दिवस मिळतात, केंद्रीय नागरी सेवा रजा नियम १९७२, नियम ४३-ए. दोनपेक्षा कमी मुलं हयात असलेल्याला, प्रसूतीच्या १५ दिवस आधीपासून ते नंतर सहा महिन्यांपर्यंत कधीही. पगार पूर्ण, आणि इतर रजांच्या खात्यातून काही वजा होत नाही. सहा महिन्यांत घेतली नाही तर गेली. वर्षाच्या आतलं मूल दत्तक घेतलं तरी तेवढीच मिळते.

पण हा नियम फक्त आमच्यासाठी आहे. खासगीत याचा हवाला देऊन उपयोग होणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

---

वागळे इस्टेट

मी वागळे इस्टेटमधल्या इंजिनिअरिंग कारखान्यातून रिटायर झालो. आमच्या काळात असली रजा कुणी मागितलीच नाही. दोन्ही मुलांच्या वेळी मी तिसऱ्या दिवशी शिफ्टला होतो. आज मुलगा त्याच्या लेकीला ज्या सहजपणे उचलतो ते बघतो तेव्हा वाटतं, आपण मागायला हवी होती. तेव्हा तू मागतोयस ते योग्यच आहे, लाजू नकोस.

व्यवहाराचा सल्ला देतो. ओळखीच्या डॉक्टरकडून स्वतःच्या नावाने आजारपणाचं सर्टिफिकेट घे आणि ईएसआयमधून आजारपणाचे पैसे घे. आमच्याकडे सगळे तेच करायचे.

---

पेरोलवाली ताई

काका, तुमची माया समजते, पण हा सल्ला कृपा करून कुणी पाळू नका. खोटं सांगून ईएसआयचे पैसे घेणं हा गुन्हा आहे, त्यात शिक्षेची तरतूद आहे. आणि ज्या आठवड्यात माणसाला बायकोजवळ असायला हवं, त्याच आठवड्यात कुणी चौकशीला दारात आलं तर? खारेगावकर, तुम्हाला खोट्याची गरजच नाही. सरळ मार्गाने तुमचं काम होण्यासारखं आहे.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांचे पगार करण्यात माझी निम्मी नोकरी गेली. कॉन्ट्रॅक्टरकडेही काम केलंय. त्यामुळे फोनवरचा माणूस कुठलं उत्तर कुठून वाचून दाखवतो ते मला माहीत आहे.

आधी कडू भाग. खासगी नोकरीतल्या बापाला पगारी पितृत्व रजा द्यायलाच हवी असा कायदा आपल्या देशात नाही. आईचा हक्क १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात आला, २०१७ च्या दुरुस्तीने तो १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेला, पण बापाचं नाव त्यात कुठेच नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही नाही. कंपनी देते ती तिच्या पॉलिसीने, म्हणून ती पॉलिसीत लिहिलेल्या माणसांपुरतीच असते. तुमच्या शेजाऱ्याला मिळाली आणि तुम्हाला नाही, हे मला अन्यायाचंच वाटतं, पण त्या पॉलिसीवर बोट ठेवून तुम्हाला भांडता येणार नाही.

आता तुमच्या हक्काचं. पितृत्व रजा विसरा आणि साधी रजा बघा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७, कलम १८. त्यात वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा (सीएल) पगारी, तिमाहीला थोडीथोडी जमा होते आणि वर्ष संपलं की संपते. ती लॅप्स होते हे खरं. पण हक्काची रजा, ज्याला आपण पीएल म्हणतो, ती वेगळी. वर्षात २४० दिवस किंवा जास्त काम केलं की दर २० दिवसांमागे एक दिवस, पुढच्या वर्षात वापरायला. म्हणजे तुम्ही गेल्या वर्षी २८० दिवस भरले असतील तर १४ दिवस. आणि ही रजा साठवता येते, ४५ दिवसांपर्यंत. मार्चअखेर ती पुसून टाकायचा अधिकार कॉन्ट्रॅक्टरला नाही.

"लॅप्स झाल्या" हे वाक्य या पट्ट्यात इतक्या बिनदिक्कत फेकलं जातं की बिचाऱ्या पोरांना तोच नियम वाटायला लागतो. कॉन्ट्रॅक्टरचे पैसे कंपनीकडून हजेरीवर येतात. तुम्ही पगारी रजेवर गेलात की तो दिवस त्याला स्वतःच्या खिशातून पडतो, किंवा बदली माणूस द्यावा लागतो. त्यामुळे रजा न देण्यात त्याचा फायदा आहे, आणि विचारणारे फार थोडे.

तर मला सांगा, ते सहा दिवस कसले? सीएल की पीएल? गेल्या वर्षी तुम्ही किती पीएल घेतली? जुन्या पगाराच्या स्लिपा काढा, त्यावर रजेचा रकाना असतो, निदान हजेरीचे दिवस तरी असतात. त्यावरून तुमचा हिशोब तुम्हीच मांडा. त्यांनी सांगितलेल्या आकड्यावर थांबू नका.

अर्ज लेखी करा, मेलवर, निघायच्या १५ दिवस आधी पोचेल असा. फोनवर बोललेलं कुणाच्याच उपयोगाचं नाही. मेल कॉन्ट्रॅक्टरला, आणि प्रत कंपनीतल्या तुमच्या मॅनेजरला. त्यात "पितृत्व रजा" मागू नका. "माझ्या शिल्लक हक्काच्या रजेतून अमुक दिवस पगारी रजा, कारण पत्नीची प्रसूती" असं लिहा. सोबत डॉक्टरांच्या कागदाची प्रत, ज्यावर तारीख आहे. आणि शेवटी एक ओळ: कलम १८ प्रमाणे माझी साठलेली रजा किती आहे ते लेखी कळवावं. या एका ओळीने फोनवरच्या माणसाला साहेबाकडे जावंच लागतं. तरीही नाही म्हणाले तर ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात लेखी अर्ज देता येतो. बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही.

काही दिवस बिनपगारी गेलेच तर काय होतं तेही आत्ताच समजून घ्या. २०,४०० ला ३० ने भागलं तर दिवसाला ६८० रुपये. पण बरेच जण बिनपगारी रजेच्या मधला रविवारही कापतात. म्हणून बिनपगारी दिवस रविवारच्या दोन्ही बाजूंना येणार नाहीत असे लावा, आणि पगारी रजा सलग मधे ठेवा.

अजून एक. तुमच्या ग्रॉसवर ईएसआय कापला जातो, महिन्याला १५३ रुपये. मग खासगी नर्सिंग होमच कशाला? वाशीला आणि वागळे इस्टेटला कामगार विमा रुग्णालय आहे. बायकोचं नाव तुमच्या ईएसआय कार्डावर चढवलेलं असेल तर तिथे प्रसूतीचा खर्च होत नाही. निदान एकदा जाऊन बघा, तुमच्या डॉक्टरांनाही विचारा. पायाळू बाळ आहे, तेव्हा निर्णय डॉक्टरांच्या मतानेच घ्या, पैशापायी नको. ईएसआयची सोय नाही अशा ठिकाणी बाळंतपण झालं तर विमाधारकाच्या बायकोसाठी ७,५०० रुपये मिळतात, पण ठाणे-नवी मुंबईत सोय आहे, म्हणून इथे त्या पैशांवर भिस्त ठेवू नका.

---

मानपाडा

ताईंनी कायद्याचं सांगितलं. मी दोन वर्षांपूर्वी याच अवस्थेत होतो, सिझर, घरी तिसरं माणूस नाही, म्हणून त्या दिवसांत काय काय लागतं ते सांगतो.

रजा तारखेच्या आधी अजिबात खर्च करू नका. दवाखान्यातल्या तीन-चार दिवसांत निदान नर्स असते. कसोटी घरी आल्यावर लागते. टाके ताजे असतात, बायकोला पलंगावरून सरळ उठता येत नाही. आधी कुशीवर वळायचं, मग हाताच्या जोरावर बसायचं, आणि तेवढ्यात बाळ रडत असतं. दर दोन-तीन तासांनी दूध, रात्रीही. दूध पाजायचं काम तिचं, पण बाळ उचलून तिच्याजवळ देणं, पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, दुपटी बदलणं आणि धुणं, तिला वेळेवर गरम जेवण आणि पाणी देणं, हे सगळं बापाने करायचं. हे मी मदत म्हणून करत नव्हतो. ते माझंच काम होतं.

आमच्या बाळाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ चढली. नवजात बाळांत ती बऱ्याचदा दिसते, पण बिलिरुबिन किती आहे ते तपासावं लागतं. आमच्याला दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून. बायको वरच्या मजल्यावर, बाळ खालच्या, आणि दर फीडला मी व्हीलचेअर ढकलत लिफ्टसमोर. त्या दिवशी मी कामावर असतो तर तिला कुणी खाली नेलं असतं? ज्यांना वाटतं बापाला रजा कशाला, त्यांनी याचं उत्तर द्यावं.

डिंकाचे लाडू, आळिवाची खीर वहिनी-मावशी कुणीही पाठवेल. पण शेक द्यायला बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू देऊ नका. धुराने जीव जातो. गरम पाण्याची पिशवी पुरते, आणि तीही टाक्यांपासून लांब, डॉक्टरांना विचारून. काकूंना आधीच प्रेमाने सांगून ठेवा, ऐन वेळी वाद नको.

आणि ती कारण नसताना रडली तर घाबरू नका, चिडू तर मुळीच नका. पहिल्या काही दिवसांत ते होतं. दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, किंवा ती बाळाकडे बघेनाशी झाली, तर डॉक्टरांना सांगा.

कायद्याबद्दल एक बोलायचंय. आपल्याच महाराष्ट्रातले, हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक आणलं होतं. १५ दिवस रजा, तीन महिन्यांपर्यंत वाढवता येणारी, खासगी आणि असंघटित कामगारांनाही, आणि त्यासाठी कामगार, मालक आणि सरकार तिघांच्या वर्गणीचा निधी. निधीची कल्पना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण छोट्या मालकाच्या एकट्याच्या खिशाला चाट बसणार असेल तर तो पळवाटच शोधणार, जशी तुमच्या कॉन्ट्रॅक्टरने शोधली. विधेयकाचा कायदा झाला नाही. सातव २०२१ मध्ये गेले. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठासमोर एका पोलीस निरीक्षकाचं प्रकरण आलं, बायकोच्या बाळंतपणाची मंजूर रजा नंतर रद्द केलेली. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि पितृत्व रजेसाठी वेगळा कायदा हवा असंही म्हटलं. म्हणजे खासदाराने मांडून झालं, न्यायालयाने सांगून झालं, तरी आपण अजून पीएल मोजतोय.

---

वागळे इस्टेट

ताई, तुमचं बरोबर आहे. सर्टिफिकेटचा सल्ला मागे घेतो. खारेगावकर, त्यांच्या सांगण्याप्रमाणेच कर.

आणि मी खारेगावापासून लांब नाही. रात्रीबेरात्री दवाखान्यात जायला गाडी लागली तर इथे लिही, नंबर देतो.

---

खारेगावकर

काका, तुम्ही एवढं म्हणालात यातच खूप आलं.

ताई, स्लिपा काढून बसलो. गेल्या वर्षीच्या हजेरीवरून या वर्षासाठी १४ पीएल निघतात. त्यातल्या काही उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा घेतल्या. कॉन्ट्रॅक्टर सांगत होता ते सहा म्हणजे सीएल आणि पीएल एकत्र करून. त्याआधीच्या वर्षाच्या नऊ शिल्लक होत्या, त्याच मार्चमध्ये पुसल्या. मार्चच्या स्लिपवर नऊ आहेत आणि एप्रिलच्या स्लिपवर तो रकानाच कोरा.

तुम्ही सांगितलं तसा मेल केला, दोन्ही स्लिपा जोडून, प्रत मॅनेजरना. दोन दिवस काही नाही. मग कॉन्ट्रॅक्टरच्या साहेबांचा स्वतः फोन. आधी म्हणाले एवढं लिहायची काय गरज होती, फोन करायचा. मी म्हटलं केला होता. मग म्हणाले जुन्या नऊ परत लावतो, पण कुणाला सांगू नकोस. मी त्यांना तिथेच सांगितलं की सर, माझ्याबरोबर या कंपनीत तुमची आणखी मुलं आहेत, त्यांच्याही मार्चमध्ये पुसल्या गेल्यात, मी गप्प बसणार नाही. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग "बघतो" म्हणाले. संध्याकाळी मेलवर उत्तर आलं, शिल्लक पगारी रजा पंधरा. दोन आठवडे धरले तरी रविवार सोडून बारा लागतात. म्हणजे तीन हाताशी राहतात, सहा आठवड्यांच्या लसीसाठी आणि अडीअडचणीला.

मानपाडा, तुमचा लिफ्टचा प्रसंग बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली रजा आधी नको, घरी आल्यावरच हवी. तसंच करतोय. सिझरच्या दिवसासाठी वेगळा एक दिवस धरलाय, दवाखान्यात दिवसा वहिनी डोंबिवलीहून येऊन थांबेल, रात्री मी.

वाशीच्या कामगार रुग्णालयात शनिवारी जाऊन आलो. बायकोचं नाव कार्डावर नव्हतंच, लग्नानंतर कुणी चढवलं नव्हतं. आता अर्ज केलाय. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय, त्यानंतर ठरवू.

एक अडचण उरली. मी अर्जात तारीख काय टाकू? डॉक्टर म्हणतात कळा आधी सुरू झाल्या तर सिझर आधीही करावं लागेल. कॉन्ट्रॅक्टरला पक्की तारीख हवी आहे.

---

पेरोलवाली ताई

छान केलंत. आणि बाकीच्या मुलांबद्दल बोललात ते तर फारच बरं केलंत. त्यांनाही स्लिपा काढायला सांगा, प्रत्येकाने आपापला मेल आपल्या नावाने करावा, एकाच्या नावावर सगळ्यांचं नको.

तारखेचं असं करा. अर्जात लिहा: "प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक. प्रसूती त्याआधी किंवा नंतर झाल्यास रजा प्रत्यक्ष डिस्चार्जच्या दिवसापासून धरावी, मी त्याच दिवशी मेलने कळवीन." आणि मंजुरीच्या उत्तरात हे वाक्य जसंच्या तसं आलंय का ते बघा. नसेल तर परत मागा. ऐन दिवशी मेल लिहायला सुचणार नाही, म्हणून तो आत्ताच लिहून ड्राफ्टमध्ये ठेवा, फक्त तारीख भरायची राहू द्या. वहिनीलाही दाखवून ठेवा.

बाळ झाल्यावर दोन कागद विसरू नका. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत, दवाखाना महापालिकेला कळवतो पण आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग तुम्ही स्वतः बघून द्या, नंतर दुरुस्तीला फेऱ्या पडतात. आणि दाखला हातात आला की बाळाचं नाव ईएसआय कार्डावर चढवा, नाहीतर पुन्हा बायकोच्या नावासारखं राहून जाईल.

अर्जाचा मजकूर नावं काढून इथे टाका. उद्या दुपारच्या सुट्टीत बघून देते.